खंडेनवमीचा पाऊण वेढा

जुना रेल्वेडबा जपणाऱ्या मंडळाचा मेळावा म्हटलं की नाकाशी पहिला येतो तो जवसाच्या तेलाचा वास. उमरेडच्या वाटेवरचं बंद स्थानक, कमरेएवढं गाजरगवत, आणि उरलेल्या रुळावर छोट्या लाईनचा, म्हणजे नॅरोगेजचा, एकुलता डबा. दर खंडेनवमीला पहारी, पाने, तेलाची झारी धुऊन मांडायची, झेंडू वाहायचा आणि मग तीच हत्यारं उचलून डब्याखाली शिरायचं.

नागपूर-नागभीड छोटी लाईन, 762 मिलिमीटर गेजची, 2019 च्या नोव्हेंबरात मोठ्या लाईनसाठी बंद झाली. नागपूरच्या मोतीबागेत 2002 पासून छोट्या लाईनचं संग्रहालय आहे. तिथल्या इंजिनांना, डब्यांना वाली आहे. हा डबा मात्र मेळाव्याच्या हातांवरच टिकला.

सुरुवात ॲक्सलबॉक्सपासून, म्हणजे चाकाच्या आसाचं टोक ज्यात फिरतं त्या तेलाच्या पेटीपासून. झाकण उघडून तळचं वेस्ट, म्हणजे तेल धरणारा धाग्यांचा बोळा, ओढायचं आणि मुठीत पिळायचं. काळं तेल गळलं तर ठीक. ताकासारखं पांढुरकं आलं, तर पावसाचं पाणी शिरलं. पाणी तळाशी बसतं आणि वरून तेल छान दिसतं, तिथेच नवखे फसायचे. एका वर्षी दोन झाकणांच्या स्प्रिंगा तुटलेल्या निघाल्या आणि तेवढ्याच दोन बॉक्समध्ये ताक सापडलं. निवृत्त फिटर काका तेव्हापासून आधी झाकणंच वाजवून बघायला सांगत.

नवं वेस्ट आदल्या दिवशीच तेलात बुडवायचं, पुरे चोवीस तास, मग जाळीवर निथळू द्यायचं. घाईत भिजवलेल्या वेस्टमधून तेल वर चढत नाही. भरताना ॲक्सलच्या मध्यरेषेच्या खालीच थांबायचं. वर ठासलं की एखादा धागा बेअरिंगखाली ओढला जातो, तेलाचा थर तुटतो, धातू घासतो आणि ॲक्सल तापतो. धावत्या गाडीत याच चुकीनं डबा गाडीपासून सोडवून मागे ठेवावा लागायचा.

खिडक्यांचं सागवान पुसून वाळवायचं, मग उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात. जाड हात दिला की वर साय धरते, खाली चिकट राहतं. तेलाच्या चिंध्या ढीग करून कधीच ठेवायच्या नाहीत, त्या आपोआप तापून पेट घेतात. चिंध्या पाण्याच्या बादलीतच टाकायच्या, हा नियम सगळ्यांत कडक होता, आणि असायलाच हवा.

मुलांचा जीव सिग्नलच्या लिव्हरवर. लिव्हरपासून सिग्नलपर्यंत जाणारी, थंडीत नीट बसवलेली तार मे महिन्यात लांबते: 500 मीटर तार, 30 अंशांचा फरक, म्हणजे साधारण 18 सेंटिमीटर. ऊन चढलं की लिव्हर पूर्ण ओढूनही सिग्नलचा हात अर्धाच झुकतो. मग तार आवळायचा ॲडजस्टर फिरवून ढील काढायची. ते शिकवताना काका कुणालाही घाई करू देत नसत.

शेवटी सगळे डब्यापाशी. चाकाला अडवणारे लाकडी ओट काढायचे, हँडब्रेक सोडायचा, चाकाखाली पिंचबार, म्हणजे चाक ढकलायची पहार, लावायचा आणि एका हाकेवर डबा चाकाच्या पाऊण वेढ्याइतका सरकवायचा, म्हणजे वजन वर्षानुवर्षं एकाच जागी बसत नाही आणि ताजं तेल सगळीकडे फिरतं. रुळाला पाठ देऊन कुणी उभं राहायचं नाही. चाक पहिल्यांदा कुरकुरतं, मग गप्पकन सैल होतं. पुन्हा ओट, पुन्हा ब्रेक, आणि फलाटावर पाटोडी-रस्स्याच्या पंगती.