मान वर करावी लागते का?

आमच्या नागपुरात डोंगर नाही. म्हणजे पुण्या-नाशिकच्या पाहुण्याला डोंगर म्हणून दाखवता येईल, असं काही नाही. शहर समुद्रसपाटीपासून 310 मीटरच्या आसपास, आणि सगळं कसं सपाट. पोराला सायकल शिकवायला याच्याइतकं सोयीचं गाव नाही. तरी माझ्याकडे शिखरांची एक यादी आहे आणि ती पुरी करायचा नाद मला लागला आहे. नाद लावणारा माझा भाचा. तो ग्लासगोला असतो.

तिकडे 'मन्रो' नावाचं एक वेड आहे. स्कॉटलंडमधल्या तीन हजार फुटांवरच्या, म्हणजे 914.4 मीटरवरच्या डोंगरांची यादी सर ह्यू मन्रो यांनी 1891 साली छापली. आज तिच्यात 282 नावं आहेत. माणसं नोकरी-संसार सांभाळून सुटीच्या दिवशी पावसाचिखलात एकेक डोंगर चढतात आणि घरी येऊन नावापुढे खूण करतात. गंमत म्हणजे खुद्द मन्रोंची यादी पुरी झाली नाही. 1919 मध्ये ते वारले, तेव्हा स्काय बेटावरचा 'इनॅक्सेसिबल पिनॅकल' नावाचा उभा सुळका त्यांचा राहूनच गेला होता. पहिल्यांदा सगळे डोंगर चढण्याचा मान जातो रॉबर्टसन नावाच्या पाद्र्याकडे, साल 1901. शेवटच्या माथ्यावर त्यानं आधी तिथल्या दगडांच्या राशीचा मुका घेतला आणि मग सोबत आलेल्या बायकोचा, असं सांगतात. हा क्रम मी घरी अजून सांगितलेला नाही. त्याच्यानंतर 1923 मध्ये यादी पुरी करणारा बर्न, तोही पाद्रीच. आमच्याकडे सेमिनरी हिल्सवर पाद्री घडवणारी संस्था आहे. तिथल्या तरुणांना कुणी ही माहिती पुरवली आहे की नाही, कोण जाणे.

यादी पुरी करण्याचं वेड आपल्याला परकं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. बारा ज्योतिर्लिंगं झाली का, अष्टविनायक झाले का, हे आपण एकमेकांना विचारतोच. विदर्भाचे तर स्वतःचे अष्टविनायक आहेत आणि त्यातले टेकडी गणपती, अदासा आणि रामटेक हे तिन्ही नागपूर जिल्ह्यातच. फरक एवढाच, की आपल्या यादीतला गणपती कुणी फेरमोजणी करून काढून टाकत नाही. तिकडे काढतात. 2009 मध्ये एक डोंगर पुन्हा मोजला, तो मीटरभर कमी भरला, गेला यादीबाहेर. 2012 मध्ये आणखी एक गेला, तो तर अर्ध्या मीटरहूनही कमी फरकानं. डोंगर होता तिथंच आहे. पण ज्यांनी भर पावसात तो चढून खूण केली होती, त्यांनी ती खूण खोडायची का? भाच्याला विचारलं तर म्हणाला, "मामा, केलेलं केलेलं असतं." हा न्याय मला पटला.

आता आमची यादी. तीन हजार फुटांची अट लावली, तर विदर्भात मेळघाटापर्यंत जावं लागतं. चिखलदऱ्याजवळचं वैराट सुमारे 1,178 मीटर, ते स्कॉटलंडमध्ये असतं तर मन्रो म्हणून मिरवलं असतं. पण मला रविवारी सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी पोचायचं असतं. म्हणून मी साधा नियम केला: खाली उभं राहून माथा बघायला मान वर करावी लागली पाहिजे.

या नियमात रामटेक सहज बसतं. अंबाळ्याच्या बाजूनं पायऱ्या चढत गेलं की वर वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरं आहेत, गडमंदिर आहे, आणि हातातली पिशवी हिसकणारी माकडं आहेत. मनासारखं करायचं असतं, तर मी दर वेळी रामटेकलाच गेलो असतो. पण यादीत रामटेकजवळचं मनसरही आहे, आणि ते मी आपणहून कधीच निवडलं नसतं. तिथल्या हिडिंबा टेकडीवर उत्खननात विटांचं केवढं तरी जुनं बांधकाम निघालं. त्यातला डोंगर किती आणि इमारत किती, हे बघत मी तिथं बराच वेळ उन्हात उभा होतो. सेमिनरी हिल्सबद्दल फार बोलण्यासारखं नाही. लोक तिथं पोट कमी करायला येतात आणि परतताना तर्री-पोह्याच्या गाडीवर थांबतात.

आमचा खरा 'इनॅक्सेसिबल पिनॅकल' म्हणजे बर्डीचा, म्हणजेच सीताबर्डीचा किल्ला. शहराच्या ऐन मध्यात, खालून दिवसरात्र ट्रॅफिक वाहतंय, आणि चढता येत नाही. कारण किल्ला लष्कराच्या ताब्यात. सामान्य माणसाला आत सोडतात ते 26 जानेवारी, 1 मे आणि 15 ऑगस्टला. दुसरीकडे गिर्यारोहकाला हवामान अडवतं, आम्हाला कॅलेंडर. त्यातही 1 मेला नागपूरच्या उन्हात कोण चढणार? त्यामुळे राहिले दोन दिवस, तेही शाळकरी पोरांच्या गर्दीत.

बर्डीवरून माझं आणि मित्राचं भांडणही आहे. 1817 च्या नोव्हेंबरात इथं भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली, ती दोन टेकड्यांवर, एक मोठी आणि एक लहान, मध्ये खिंडीसारखा भाग. मग शिखरं किती धरायची? "लहानी टेकडी काऊन नाही धरून राहिला बे?" हा त्याचा ठेका. "तिच्यापायीच तर लढाई फिरली." मी भाच्याकडे दाद मागितली. तो म्हणाला, स्कॉटलंडमध्येही स्वतंत्र डोंगर कोणता आणि शेजारचा उंचवटा कोणता याची नेमकी व्याख्या मन्रोंनी केलीच नव्हती, आणि लोक त्यावर अजून वाद घालतात. म्हणजे आमचं काम रीतसर चालू आहे तर.

सध्या नवा तंटा उमरेडकडचा. तिथं कोळशाच्या उघड्या खाणींतून काढलेल्या माती-दगडांचे ढीग आहेत. खाणीतली माणसं त्यांना 'ओबी' म्हणतात. लांबून पाहिलं तर खरोखर डोंगररांग वाटते, वर झुडपंसुद्धा उगवली आहेत. मी म्हटलं, शिखर निसर्गाचं हवं. मित्र म्हणतो, "नियमात निसर्ग कुठं लिहिला बे? मान वर कराव लागते ना? मग झालं." मनसरच्या विटा यादीत घेऊन बसल्यामुळे मला फार ताणता येईना. शेवटी नाव पेन्सिलीनं लिहिलं आहे. खाणीच्या हद्दीत आम्हाला कुणी सोडणार नाही, हा एक भाग. पण मित्राला घाई नाही. त्याचं म्हणणं, खाण बंद होऊ दे, मग चढू. तोवर तो डोंगर वाढूनच राहिला आहे.