तुम्ही विचारलंत म्हणून: तो निळा शिक्का खरा का?

अमेरिकेत फ्रोझन मासे आयात करणाऱ्यांकडे कागद तपासायचं माझं काम, त्यामुळे मंडळाच्या गणपतीत असो की कुणाच्या बारशाला, ताट हातात आलं की हा प्रश्न येतोच: "अरे, ते चिलीयन सी बास घेऊ नका म्हणतात, पण पाकिटावर तर निळा टिक असतो, तो काय पैसे देऊन मिळतो का?"

हो, पैसे देऊनच मिळतो. म्हणजे असं की हा शिक्का एमएससी (मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल) या संस्थेचा, मासे संपणार नाहीत अशा बेताने केलेल्या मासेमारीसाठी, पण ती स्वतः तपासत नाही, तपासणारी कंपनी वेगळी आणि तिची फी मासेमारीवालेच भरतात, परीक्षार्थ्याने परीक्षकाची फी भरायची तसं. मासा किती उरलाय, बाकीच्या जीवांचं काय होतं आणि कारभार कसा चालतो, अशा तीन विषयांत मार्क. एकाही मुद्द्यावर 60 च्या खाली चालत नाही आणि प्रत्येक विषयाची सरासरी 80 हवी. सर्टिफिकेट 5 वर्षांचं, मध्ये तपासण्या होत राहतात.

आता मासा. हा बास नाही आणि बहुतेक वेळा चिलीचाही नाही. खरं नाव टूथफिश, पण 'दातवाला मासा' कोण घेणार म्हणून 1977 मध्ये ली लँट्झ नावाच्या अमेरिकन आयातदाराने हे गोंडस नाव ठेवलं. एक पॅटागोनियन, दुसरा त्याहून दक्षिणेचा अंटार्क्टिक, ज्याच्या रक्तात गोठू न देणारं प्रोटीन असतं. मोठा झाला की माणसापेक्षा लांब भरतो, पण अंडी घालायच्या वयाला यायला दहाएक वर्षं सहज जातात. बांगड्यासारखं नाही की यंदा कमी तर पुढच्या साली बघू.

दक्षिण अटलांटिकमधल्या साऊथ जॉर्जिया बेटाच्या टूथफिश मासेमारीला 2004 मध्ये शिक्का मिळाला आणि तो मला पटतो, कारण पक्षी. लाँगलाइन म्हणजे मैलोन्मैल दोर, त्याला हजारो गळ, गळाला माकूल नाहीतर बांगड्यासारखं आमिष, आणि तो बोटीच्या मागून पाण्यात सोडतात. दोर बुडायच्या आधी अल्बाट्रॉस झडप घालतो, गळ घशात जातो आणि दोराबरोबर पक्षीही खाली. नव्वदीत तिथे हजारोंनी मेले. मग दोराला वजनं लावली, रात्रीच सोडायला लावला, मागे रंगीत पट्ट्या फडफडणारी दोरी बांधली आणि मासेमारी चक्क हिवाळ्यात ढकलली, कारण उन्हाळ्यात पक्ष्यांची पिल्लं घरट्यात असतात. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै बंदी माशांसाठी, तिकडे हंगाम ठरतो पक्ष्यांवरून! मरणारे पक्षी जवळपास शून्यावर आले.

रॉस समुद्राचं मात्र मला अजून खटकतं. अंटार्क्टिकाचा तो कोपरा, मासेमारी 1996-97 ला सुरू झाली आणि 2010 मध्ये शिक्का मिळाला, तोही पर्यावरणवाल्यांच्या संघटनेने रीतसर हरकत घेतली ती फेटाळून. हरकत घेणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं, या माशाबद्दल पुरेसं माहीतच नाही. समुद्रात सोडलेली त्याची अंडी तोवर कुणी पाहिलेली नव्हती, ती सापडली 2016 च्या हिवाळी मोहिमेत, म्हणजे शिक्क्यानंतर 6 वर्षांनी. मी परीक्षक असतो तर थांबलो असतो. पण हेही सांगायला हवं की तिथे प्रत्येक बोटीवर दोन निरीक्षक असतात, टनामागे एक मासा टॅग लावून जिवंत सोडावा लागतो, आणि 2017 पासून त्या समुद्राचा मोठा भाग राखीव आहे.

हे नियम शिक्क्याचे नाहीत बरं का, ते कॅमलारचे, म्हणजे अंटार्क्टिकाच्या समुद्राचा कारभार बघणारा देशांचा आयोग, भारतही त्यात आहे. त्यांचा 2000 पासून एक कागद असतो, कुठल्या बोटीने कुठे किती पकडला आणि कुठे उतरवला ते लिहिलेला, आणि तो नसला तर टूथफिश अमेरिकेत शिरत नाही. शिक्का ऐच्छिक, कागद सक्तीचा. लोक शिक्क्याचं विचारतात, मी कागद बघतो.

कारण शिक्का चिकटवणं सोपं असतं. 2011 च्या एका अभ्यासात दुकानांतून शिक्का असलेल्या चिलीयन सी बासचे 36 नमुने घेऊन डीएनए तपासला, तर 3 टूथफिशच नव्हते आणि उरलेल्या 33 पैकी 5 त्या सर्टिफाइड जागेचे, म्हणजे साऊथ जॉर्जियाचे, वाटेनात. मला नवल वाटलं नाही. एकदा एका कोल्ड स्टोरेजमध्ये उणे वीसला बोटं बधिर होईपर्यंत कार्टन मोजत होतो, डोकं काढून साफ केलेले पांढरे ओंडके एकावर एक रचलेले, निळा टिक सगळ्यांवर, आणि चौदा खोक्यांचा लॉट नंबर कागदावर कुठेच नाही. मालक म्हणे प्रिंटरची चूक. असेलही, पण ती खोकी शिक्क्याशिवाय विकायला लावली.

तर घ्यावा का? महिन्या-दोन महिन्यांतून घ्या की, मी पण खातो. फक्त काउंटरवरच्या पोराला विचारा, कुठल्या समुद्रातला, आणि तो "चिलीचा" म्हणाला तर पाकीट फिरवून शिक्क्याचा कोड बघा. आणि तव्यावर तेल अगदी थोडं टाका, हा मासा स्वतःच इतकं तेल सोडतो की माझ्या बायकोने पहिल्यांदा केला तेव्हा पापलेटच्या अंदाजाने तेल ओतलं आणि सगळा ओटा पुसत बसलो.