पापलेटचं शेपूट

वाढदिवसाला आलेल्या मुलांना न्यायला आया येतात आणि दारातच विचारतात, "शेपूट न तुटता केक बाहेर काढता कसा हो?" हा प्रश्न आमच्या माशाच्या साच्याबद्दलचा. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून आणलेला जाड अ‍ॅल्युमिनियमचा साचा, आत खवले, कल्ले, परांच्या रेघा सगळं उठवलेलं. घरात त्याला पापलेटच म्हणतात. भाचीचा केक दरवर्षी त्यातच होतो, आणि बिनअंड्याचा होतो, कारण शेजारच्या आजीही आवडीने खातात. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

शेपटाचं काय होणार ते साच्याला तूप लावतानाच ठरतं. लोणी नको. त्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो तापला की साच्याला धरून बसतो. साजूक तूप घ्या. पण आपल्याकडे मे महिन्यात तूप पातळच असतं. लावलं की ओघळून तळाशी जमतं आणि वरच्या कडा कोरड्या राहतात. म्हणून ब्रशने एकेका रेघेत तूप लावायचं आणि साचा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायचा. तूप थिजलं की वर मैदा भुरभुरायचा, मग साचा उलटा करून ठोकायचा, म्हणजे जास्तीचा मैदा पडून जातो. आता खिडकीशी उजेडात धरून बघा. जिथे धातू चकाकतो तिथे केक चिकटणार. शेपटाच्या दोन्ही टोकांना मी बोटाने पुन्हा तूप लावते. चॉकलेटचा केक असेल तर मैद्याऐवजी कोको भुरभुरा, नाहीतर खवल्यांवर पांढरे डाग राहतात.

मिश्रण किती करायचं ते पाणी ओतून मोजा. तूप लावण्याआधी साचा पाण्याने काठोकाठ भरायचा आणि ते पाणी मोजायचं. त्याच्या दोन तृतीयांश मिश्रण, त्याहून जास्त नाही. आमच्या साच्यात सव्वा लिटर पाणी मावतं. त्याला दीड कप मैदा, एक कप घट्टसर ताजं दही, पाऊण कप पिठीसाखर, अर्धा कप तेल, सव्वा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून खाण्याचा सोडा आणि थोडा व्हॅनिला इसेन्स पुरतो. दह्याचा केक मला साच्यासाठी फार आवडतो. तो ओलसर असूनही अंगाने भरीव असतो. हलका स्पंज उलटताना मोडतो. दही आणि सोडा एकत्र आले की लगेच बुडबुडे सुटू लागतात, म्हणून ओव्हन आधीच तापवून ठेवा आणि मिश्रण कालवून झालं की थांबू नका.

ओतताना पहिला चमचा शेपटात. टोकापर्यंत सारून द्या, मग पोट भरा. साचा ओट्यावर, दुमडलेल्या फडक्यावर चार-पाच वेळा आपटा, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकून खवल्यांच्या जागी भोकं पडतात. गोल डब्याला १८० अंश चालतात, इथे मी १६० च ठेवते आणि वेळ जास्त देते. पोट जाड आणि शेपूट पातळ, त्यामुळे शेपूट आधी भाजतं. ते तांबूस व्हायला लागलं की त्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा झाका. सुरी पोटातच खुपसून बघा, शेपटात नको.

बाहेर काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबा. लगेच उलटलात तर मऊ केक मोडतो, पूर्ण गार होऊ दिलात तर वाफेचं पाणी होऊन केक चिकट होतो. कडा साच्यापासून सुटलेल्या दिसल्या की वर फुगलेला भाग साच्याच्या काठाला धरून सुरीने सपाट कापा. हे फार महत्त्वाचं. तो उंचवटा राहिला तर उलटल्यावर मासा ताटात डुगडुगतो आणि शेपटापाशी तडा जातो. मग ताट वर दाबून दोन्ही एकदम उलटायचं. नाहीच सुटला तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं साच्याच्या पाठीवर दोन मिनिटं ठेवा.

आणि कृपा करून वर क्रीमचा थर देऊ नका. साच्याने एवढे खवले उठवून दिलेत, ते झाकायचे कशाला? शिवाय पंख्याखाली, पंचवीस माणसांच्या खोलीत, क्रीम मेणबत्त्या लावेपर्यंत घसरायला लागतं. नुसती पिठीसाखर भुरभुरलीत तर ती दमट हवेत विरून जाते. पिठीसाखरेत लिंबाचा रस घालून पातळ ग्लेझ करा आणि ब्रशने फिरवा. रेघा उठून दिसतात. डोळ्याला जेम्सची गोळी. ती कुठल्या रंगाची लावायची ते वाढदिवस असेल तो ठरवतो.

साचा हवा असेल तर खुशाल न्या. फक्त आदल्या संध्याकाळी न्या, म्हणजे तो तुमच्या ओव्हनमध्ये मावतो का ते बघता येईल. कुकरमध्ये करणार असाल तर शेपूट भिंतीला टेकतं. आणि परत देताना तारेच्या घासणीने घासू नका, कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशने धुवा. आतल्या ओरखड्यांत पुढचा केक अडकतो.