पोकळ फरशीवरचा आकडा

दगडखाणीतल्या सुरुंगांचे हादरे आणि क्रशरचा आवाज मोजण्याचं काम मी गेली अकरा वर्षं करतोय. लोकांना वाटतं, पेटी ठेवायची, बटण दाबायचं, आकडा लिहून घ्यायचा. आकडा खरंच एका सेकंदात येतो. त्याआधीचे दोन तास कुणी बघत नाही, आणि खरं-खोटं तिथंच ठरतं.

हे प्रकरण सातारा जिल्ह्यातल्या एका गावातलं. खाणीपासून सव्वातीनशे मीटरवर एका आजींचं दगडमातीचं घर, भिंतींना तडे गेलेले. तक्रारीवरून संयुक्त पाहणी लागली. तलाठी, सरपंच, खाणमालकाचा माणूस, दोन अधिकारी आणि यंत्रं घेऊन मी व माझा सहायक. सुरुंग दुपारी एकला उडणार होता.

आधी आवाजाचं यंत्र हातात घेतलं. मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर चढवला की तो १००० हर्ट्‌झचा, ९४ डेसिबलचा स्वर देतो. ९४ डेसिबल म्हणजे एक पास्कल दाब. यंत्रानेही ९४ दाखवायला हवं, ते ९२.७ दाखवत होतं. "लावा की ९४ ला, वेळ चाललाय," एक अधिकारी म्हणाले. तसं लावलं असतं तर पुढची प्रत्येक नोंद १.२ ने फुगली असती. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. ५४ चा आवाज ५५.२ दिसला असता आणि खाणवाल्यावर अन्याय झाला असता. यंत्राचा दोषच नव्हता. कॅलिब्रेटरच्या तोंडातली रबरी रिंग चिरली होती आणि फटीतून दाब निसटत होता. माझ्या पाकिटात जादा रिंग असतेच. ती बसवल्यावर ९३.९ आलं. मग यंत्र ९४.० ला लावलं. मोजणी संपल्यावर हीच तपासणी पुन्हा करायची आणि अर्ध्या डेसिबलहून जास्त फरक निघाला तर सगळ्या नोंदी रद्द करायच्या, हा माझा नेम आहे.

या रिंगेपायी वीस मिनिटं गेली. तेवढ्यात सहायकाने कंपनमापकाचा जिओफोन, म्हणजे हादरा टिपणारा सेन्सर, आजींच्या सोप्यात मांडून टाकला. बाण खाणीच्या दिशेला, पातळीचा बुडबुडा मधोमध, वर वाळूची पिशवी, ट्रिगर, म्हणजे हादऱ्याच्या ज्या वेगाला नोंद सुरू होते तो, ०.५ मिलिमीटर प्रतिसेकंदावर. यंत्राने स्वतःची सेन्सर-तपासणी केली, तीही पास. दुसरं यंत्र खाणमालकाच्या माणसाच्या आग्रहावरून मारुतीच्या देवळामागे, जमिनीत गाडून ठेवलं होतं. मी सोप्यात नजर टाकली, सगळं नीट दिसलं. वाकून हात लावला नाही.

सुरुंग उडाला. फडताळातली भांडी वाजली. पडद्यावर १२.४ मिलिमीटर प्रतिसेकंद, वारंवारिता (सेकंदाला किती हेलकावे) ३८ हर्ट्‌झ. देवळामागे २.९.

गावकऱ्यांनी एकच गलका केला. खाणमालकाचा माणूस म्हणाला, यंत्र खराब आहे. मला दोन्ही पटेना. एवढ्या अंतरावर काळ्या मातीतून येणारा हादरा संथ असतो. ३८ हर्ट्‌झ आले कुठून? मी गुडघ्यावर बसलो आणि जिओफोनशेजारच्या शहाबादी फरशीवर बोटाच्या पेराने ठोकलं. ठक् नाही, डब्ब. फरशीखालचा चुना सुटला होता. यंत्राने घराचा हादरा मोजलाच नव्हता, फरशीचा थरथराट मोजला होता. जिओफोन जमिनीला घट्ट बसला नसेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र कितीही ताजं असो, आकडा निरुपयोगी आहे. अधिकारी मात्र दरवेळी प्रमाणपत्रावरचा शिक्का बघतात. यंत्र कशावर ठेवलंय, हे आजवर मला एकानेही विचारलेलं नाही.

मी सगळ्यांसमोर सांगितलं की ही नोंद धरता येणार नाही. आजी उंबऱ्यात बसल्या होत्या. "मंग आमचं घर हाललंच न्हाई व्हय रं बाळा?"

हललं, आजी. किती, ते मला सांगता येत नव्हतं.

दुसरी गोष्ट गावकऱ्यांना समजावणं त्याहून अवघड गेलं. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात वस्तीतल्या घरांसाठी एकच मर्यादा नाही. हादरा ८ हर्ट्‌झच्या खालचा असेल तर ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, ८ ते २५ मध्ये १०, त्याच्या वर १५. कारण बैठी घरं स्वतः साधारण ४ ते १२ हर्ट्‌झला डोलतात. त्या तालाचा हादरा आला की घर त्याच्याबरोबर झुलायला लागतं. म्हणजे १२.४ हा आकडा धरला असता तरी ३८ हर्ट्‌झला तो मर्यादेतच बसत होता.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजणी घेतली. या वेळी मी स्वतः पायाला लागून, खाणीच्या बाजूला, वीतभर खड्डा खणला, जिओफोनचे खिळे दाबून बसवले, माती हाताने ठोकून भरली. देवळामागचं यंत्र जागच्या जागी. सुरुंग खाणीच्या त्याच बेंचवर (पायरीवर), पण सुरुंगाची होल कालच्यापेक्षा बरीच कमी. घराशी ४.३, वारंवारिता ७ हर्ट्‌झ. देवळामागे १.९. मर्यादेच्या आत. तलाठ्याने पंचनामा लिहिला, सह्या झाल्या.

रात्री हिशेब मांडला. दोन्ही दिवशी देवळामागचं यंत्र हललेलं नाही. १.९ ला घराशी ४.३, तर आदल्या दिवशीच्या २.९ ला सुमारे ६.६. ७ हर्ट्‌झला मर्यादा ५ आहे. पहिल्या दिवसाची लाट संगणकावर उघडली तर फरशीच्या काटेरी थरथराटाखाली ७ हर्ट्‌झची संथ लाट डोळ्यांना स्पष्ट दिसते. ती गाळून काढता येते, मी काढलीही, पण सुटलेल्या फरशीवरून गाळलेला आकडा कुणीही वकील दोन मिनिटांत मोडून काढेल.

अहवालात मी या गुणोत्तराची चार ओळींची टीप घातली होती. वरिष्ठांनी ती काढायला लावली. "मोजलं तेवढंच लिही," म्हणाले. त्यांचं म्हणणं नियमाला धरून आहे आणि तरीही मला ते चुकीचं वाटतं, कारण त्या दोन दिवसांत घराला बसलेला मोठा हादरा कागदावर नाही. तो नाही, कारण सुरुंगाआधी मी वाकून फरशी ठोकली नाही.

तिसऱ्या मोजणीसाठी मी लेखी मागणी केली आहे, आणि ती खाणीला आगाऊ न कळवता व्हावी असंही लिहिलंय. अजून तारीख मिळालेली नाही. ६.६ माझ्या डायरीत पेन्सिलने लिहिलेला आहे. परवा आजींच्या नातवाचा फोन आला होता, माजघराच्या भिंतीतला तडा आता तुळईपर्यंत गेलाय म्हणून.