सेरामपूरचं विद्यापीठ बघायला जाताय? आधी हे वाचा

पहिला धक्का तिकीट काढतानाच बसतो. सेरामपूर पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याजवळ. रेल्वेच्या दफ्तरी तिथल्या स्टेशनचं नाव श्रीरामपूर आहे, कोड एसआरपी. आपल्या नगर जिल्ह्यातल्या श्रीरामपूरच्या स्टेशनचं नाव बेलापूर, त्यामुळे नुसतं 'श्रीरामपूर' टाकलं की थेट हुगळी जिल्ह्यात पोचता. सेरामपूरला जायचं असेल तर हावड्यापर्यंतचं तिकीट काढा आणि पुढे लोकल धरा. पुण्याहून आझाद हिंद, मुंबईहून गीतांजली किंवा हावडा मेल. या गाड्या बहुधा हावड्याच्या न्यू कॉम्प्लेक्समध्ये लागतात आणि लोकल सुटतात जुन्या भागातून. सामान घेऊन ती चाल लांब पडते, हमाल करायचा तर भाव आधी ठरवा.

लोकल कुठली घ्यायची यात हमखास फसगत होते. बर्धमान लोकल दोन तऱ्हेच्या असतात, मेन आणि कॉर्ड. कॉर्डची गाडी डानकुनीकडे वळते, सेरामपूरला जातच नाही. फलकावर 'मेन' लिहिलंय का ते बघा. बँडेल, शेवडाफुली, तारकेश्वर, काटवा यांपैकी कुठलीही लोकल चालते, मात्र 'गॅलपिंग', म्हणजे काही स्टेशनं गाळणारी, असेल तर थांबे विचारून घ्या. रिसडा गेलं की पुढचंच स्टेशन. पाऊण तास धरून चाला.

आता टोटो. स्टेशनबाहेर बॅटरीवरच्या रिक्षांना टोटो म्हणतात. कॉलेज जेमतेम दीड किलोमीटरवर, नदीकाठी. पाठीवर सॅक आणि तोंडात हिंदी दिसली की 'रिझर्व्ह' म्हणून शे-दीडशे सांगतात, वर 'चर्च, कबर, कॉलेज सगळं दाखवतो' असं पॅकेज गळ्यात मारतात. घेऊ नका. स्थानिक माणसं बसतात त्याच वाटून जाणाऱ्या टोटोत बसा आणि 'कॉलेज घाट' एवढंच म्हणा, दहा-वीस रुपयांत काम होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत सरळ चालत जा. एप्रिल-मेमध्ये मात्र चालण्याचा हट्ट नको, तिथली दमट हवा अर्ध्या तासात माणसाला पिळून काढते. पॅकेजवाल्याची खरी खोट पुढे कळते: 'साहेबांची कबर' म्हटलं की तो डॅनिश कबरस्तानात नेऊन सोडतो. कॉलेज काढणारे इंग्रज मिशनरी विल्यम केरी, जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड तिथे नाहीत. ते मिशनच्या कबरस्तानात आहेत, आणि ही दोन्ही कबरस्तानं कॉलेजच्या आवाराबाहेर. 'केरी साहेबेर कबर, मिशन' असं नीट सांगा आणि उतरण्याआधी पाटी वाचा. केरींच्या कबरीवर नाव, तारखा आणि दोनच ओळी आहेत. त्यात या माणसाने स्वतःला दीन, असहाय किडा म्हणवलंय. तसंच कोरायचं, हे त्यांनी आधी सांगून ठेवलं होतं.

विद्यापीठ कुठाय, हा प्रश्न तिथे गेल्यावर प्रत्येकाला पडतो, कारण समोर दिसतं ते कॉलेज. केरी, मार्शमन, वॉर्ड या तिघांनी ते १८१८ मध्ये काढलं, सुरुवातीचे विद्यार्थी ३७. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं, म्हणून २३ फेब्रुवारी १८२७ ला सनद दिली ती डेन्मार्कचा राजा सहावा फ्रेडरिक याने. पदव्या देण्याचा हक्क तिच्यात आला. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही विद्यापीठं १८५७ ची, म्हणजे सनद त्यांच्याही तीस वर्षं आधीची. १८४५ मध्ये गाव इंग्रजांना विकलं गेलं तरी करारात सनदेचे हक्क शाबूत राहिले. पण त्या हक्काने पहिल्या पदव्या दिल्या गेल्या १९१५ मध्ये, तब्बल ८८ वर्षांनी, आणि त्याही फक्त धर्मशास्त्राच्या. पुढे १९१८ च्या कायद्याने सिनेट, म्हणजे या पदव्यांचा कारभार बघणारं मंडळ, आली. म्हणून आज एकाच आवारात दोन दुनिया आहेत. कला, विज्ञान, वाणिज्यची मुलं-मुली कलकत्ता विद्यापीठाची पदवी घेतात, लोकलने येतात, लोकलने जातात. धर्मशास्त्राचे विद्यार्थी थोडे, वसतिगृहात राहणारे, दूरदूरच्या राज्यांतून आलेले. त्यांची पदवी सिनेटची. प्रवेशाचा विचार असेल तर कुठल्या दाराने जायचंय ते आधी पक्कं करा. धर्मशास्त्रासाठी आपल्या चर्चचं शिफारसपत्र लागतं. आणि महाराष्ट्रातल्या मुलांनी एवढ्यासाठी बंगाल गाठायची गरजही नाही: पुण्यात बिबवेवाडीचं युनियन बिब्लिकल सेमिनरी याच सिनेटला जोडलेलं आहे. पदवीदान बघायचं म्हणून सेरामपूरला जाण्यातही अर्थ नाही, तो समारंभ वेगवेगळ्या संलग्न संस्थांत फिरत असतो.

मुख्य इमारतीसमोर मात्र थांबा. नदीकडे तोंड केलेले सहा आयोनिक खांब, बुंध्याशी चार फुटांहून जाड. जिना ओतीव लोखंडाचा, बर्मिंगहॅमला घडवून जहाजाने आणलेला. आत वर्ग चालू असतात, विचारल्याशिवाय शिरू नका. विद्यार्थ्यांची वर्दळ बघायची तर कामाचा दिवस धरा. रविवार आणि दुर्गापूजेची सुट्टी टाळा. आषाढात इथल्याच माहेश भागातल्या रथयात्रेच्या दिवशी तर गावाकडे फिरकूच नका, रस्ते बंद असतात.

मराठी माणसाचं खरं काम केरी ग्रंथालयात आहे. केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृतबरोबर मराठीही शिकवत. त्यांचं मराठी व्याकरण इथल्याच छापखान्यात १८०५ मध्ये छापलं, वैजनाथ पंडितांच्या मदतीने केलेला मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये. कोशातले मराठी शब्द मोडीच्या खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या टाइपांत, आहेत. म्हणजे मोडी येत नसेल तर कोश हातात मिळूनही उपयोग शून्य. निदान महिनाभर मोडीचा सराव करून जा. 'सिंहासन बत्तिशी' १८१४ ची, 'रघुजी भोसल्यांची वंशावळी' १८१६ ची, हे छापील मोडीचे नमुने बघण्यासारखे.

'आलोच आहोत तर बघू' म्हणून दुर्मीळ पुस्तकं बघायला मिळतील असं समजू नका. महिनाभर आधी पत्र लिहा; त्यात पुस्तकाचं नाव, साल, कशासाठी हवं ते स्पष्ट असावं. सोबत संस्थेचं किंवा मार्गदर्शकाचं पत्र, ओळखपत्राच्या दोन प्रती. शाईचं पेन नको, पेन्सिल न्या. झेरॉक्सच्या भरवशावर राहू नका, दोनशे वर्षांचा कागद ते सोसत नाही. इंग्रजी यादीत आजच्या स्पेलिंगने 'मराठी' शोधाल तर हाती फारसं लागणार नाही. तेव्हा 'महरट्टा' (Mahratta) लिहीत, तसं शोधा. आणि नुसता मजकूर हवा असेल तर व्याकरणाच्या जुन्या आवृत्तीचं स्कॅन इंटरनेटवर आहे, दोन दिवसांचा प्रवास वाचेल. प्रवास करावा तो खिळ्यांचा ठसा डोळ्यांनी बघण्यासाठी. मोडीची ती अक्षरं हाताने कापलेल्या खिळ्यांतून उठलेली आहेत, स्क्रीनवर तो दाब दिसत नाही.

डॅनिश काळातलं सेंट ओलाव्ह चर्च आणि डेन्मार्क टॅव्हर्न ही जुनी खानावळ दोन्ही नीट दुरुस्त केलेली आहेत, तासाभरात होतात. परतताना पुन्हा स्टेशनच्या टोटोवाल्यांशी घासाघीस करू नका. घाटावरून फेरी धरा, पलीकडे बराकपूर. तिथून सियालदाहची लोकल मिळते. हावड्याहून रात्रीची गाडी असेल तर मात्र हा रस्ता घेऊ नका, सियालदाह ते हावडा संध्याकाळच्या गर्दीत फार वेळ खातं.