नकाशावर पेरभर, रस्त्यावर पाच तास: ऑस्ट्रेलियातली आमची फिराफिरी

ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या ॲलिस स्प्रिंग्ज गावापासून उलुरू या वाळवंटातल्या अवाढव्य खडकापर्यंतचं अंतर नकाशावर बोटाच्या पेराएवढं दिसतं. त्या भरवशावर नवऱ्याने बेत आखला होता: सकाळी निघू, दगड बघू, रात्री परत. प्रत्यक्षात एका बाजूचेच साडेचारशे किलोमीटर आहेत!

सुरुवात सोपी होती. सिडनीत बस-रेल्वेसाठी वेगळं कार्ड काढायची गरज नाही, साधं काँटॅक्टलेस बँक कार्ड चढताना आणि उतरताना टेकवायचं. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं. विमानतळाच्या स्टेशनवर तिकिटाखेरीज जादा शुल्क लागतं, ते चौघांचं मिळून चांगलंच झोंबतं. शुक्रवार ते रविवार दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा कमी असते, म्हणून लांबची भटकंती तेव्हा करा.

मेलबर्नला हौसेने रेल्वेने गेलो. साडेनऊशे किलोमीटरला अकरा तास! आपली राजधानी परवडली. पुन्हा जाणं झालं तर विमानानेच. मेलबर्नच्या मध्यभागात ट्राम फुकट आहे, पण तिथे गाडी चालवू नका. काही चौकांत उजवीकडे वळायला डाव्या कडेला थांबावं लागतं. नवरा पुण्यात गाडी चालवून तयार झालेला, तरी त्याला घाम फुटला.

गाडीची खरी गरज वाळवंटात. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आणि इंग्रजीतलं लायसन्स चालतं, त्यामुळे हात लगेच बसतो. करारातली बारीक अक्षरं मात्र वाचाच. आमच्या कंपनीने दिवसाला शंभरच किलोमीटर मोफत दिले होते. पुढच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे, हे आम्हाला गाडी परत करताना कळलं. काउंटरवर सासूबाई मराठीतून भांडल्या, उपयोग शून्य. दुसरी अट म्हणजे अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी नेल्यास विमा लागू नाही. संध्याकाळी कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे ही अट पटते. पण जूनमध्ये उजेड जेमतेम साडेदहा तासांचा असतो, म्हणजे एका दिवसात जाऊन-येऊन जमतच नाही. उलुरूजवळच्या युलारा गावात मुक्काम आधी ठरवा. नुसता उलुरूच बघायचा असेल तर सिडनीहून थेट युलाराला विमान जातं.

दोनशे किलोमीटरवर एर्लडुंडा लागतं, तिथे टाकी भरून घ्या. पाणी भरपूर ठेवा. मध्ये फोनला रेंज नसते, नकाशा आधीच डाउनलोड करा. तीन-चार ट्रेलर जोडलेले 'रोड ट्रेन' पन्नास मीटरच्याही पुढे जातात. त्यांना ओव्हरटेक करण्याची घाई नको.

आणि वाटेत डावीकडे सपाट माथ्याचा मोठा डोंगर दिसला की ओरडू नका. आम्ही गाडी थांबवून वीसेक फोटो काढले, घरच्या ग्रुपवर टाकायलाही निघालो होतो. तो माउंट कॉनर. उलुरू अजून तासभर पुढे आहे.