नदीच्या मुखाशी तीन राजपुत्र

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेहून समुद्रकाठच्या सांताक्रूझला जाणारी बस डोंगर चढायला लागली की दोन्ही बाजूंनी रेडवूडची झाडं अंगावर येतात. जाताना मी त्यांच्याकडे मान वर करून नुसतं 'काय उंच आहेत!' म्हणत पाहिलं. चार दिवसांनी परतताना मात्र मला त्यांच्यात फळ्या दिसत होत्या.

निमित्त 1885 सालचं. सॅन मातेओच्या सेंट मॅथ्यूज हॉल या लष्करी शिस्तीच्या शाळेत तेव्हा हवाईच्या राजघराण्यातले तीन सख्खे भाऊ शिकत होते. डेव्हिड कावानानाकोआ, एडवर्ड केलिआहोनुई आणि जोना कुहिओ. राणी कापिओलानीचे हे भाचे. थोरला सतरा वर्षांचा, धाकटा चौदाचा. सांताक्रूझला ते अँटोनेट स्वान यांच्या घरी उतरत. या बाई होनोलुलूच्या. पहिल्या कामेहामेहा राजाच्या पदरी असलेल्या फ्रान्सिस्को मारिन या स्पॅनिश माणसाची मुलगी. म्हणजे परमुलखात ओळखीचं घर होतं आणि समोर समुद्र. मुलांनी इथल्याच रेडवूडच्या फळ्या करवून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर उतरली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची आज सापडणारी सर्वांत जुनी नोंद हीच.

ती नोंद मला स्वतःच्या डोळ्यांनी बघायची होती. निघण्याआधी घरूनच शोधावी म्हणून जुन्या वर्तमानपत्रांच्या संग्रहात 'सर्फ' शब्द टाकला, तर हजारो निकाल आले. जरा वेळाने डोक्यात उजेड पडला: ज्या वर्तमानपत्रात बातमी आली, त्याचंच नाव 'डेली सर्फ'! प्रत्येक पानाच्या माथ्यावर तोच शब्द. ते चुकवावं, तर 'सर्फ बेदिंग'च्या जाहिराती. त्या काळी समुद्रस्नानाला हाच शब्द होता आणि सांताक्रूझ त्यावरच जगत होतं. तेव्हा मुकाट्याने बस पकडली.

विद्यापीठाचं मॅकहेन्री ग्रंथालय टेकडीवर आहे, तेही रेडवूडच्या गर्दीत. मायक्रोफिल्मच्या यंत्रापाशी बसलं की अर्ध्या तासात गाडी लागल्यासारखं होतं. पानं डावीकडून उजवीकडे सरकत राहतात आणि डोळा मागे राहतो. पहिली सकाळ मी चुकीच्या महिन्यात घालवली. जून उलटा-सुलटा पाहिला, तेव्हा कुठे जुलै हाती घेतला. 20 जुलै 1885. बातमीला स्वतंत्र मथळा वगैरे काही नाही. किनाऱ्यावरच्या फुटकळ हालहवालात एक वाक्य: हवाईचे तरुण राजपुत्र पाण्यात होते, मजेत होते, आणि आपल्या बेटांवरच्या पद्धतीने फळीवरच्या पोहण्याची प्रात्यक्षिकं करून दाखवत होते.

'पोहणं' हा शब्द मला फार आवडला. लिहिणाऱ्याने समोर जे पाहिलं त्याला त्याच्या भाषेत क्रियापदच नव्हतं, म्हणून त्याने जवळचं उचललं. हवाईच्या भाषेत याला 'हेए नालू' म्हणतात. नालू म्हणजे लाट आणि हेए म्हणजे घसरणं. आपण मराठीत 'लाटेवर स्वार होणं' म्हणतो, म्हणजे आपल्याला तिथेही घोडा लागतोच.

दुसऱ्या दिवशी नदीच्या मुखावर गेले. बोर्डवॉकच्या जत्रेतून, 1924 सालच्या त्या लाकडी रोलर कोस्टरच्या किंकाळ्या ऐकत पुढे गेलं की रेल्वेचा जुना लोखंडी पूल लागतो. त्याला चिकटून चालायची वाट आहे. मधोमध उभं राहिलं की डावीकडे नदी, उजवीकडे समुद्र. फक्त दोघांची गाठ पडत नव्हती. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की समुद्र वाळूचा बांध घालतो आणि नदीचं मागे तळं होतं. माझ्यासमोर बदकं होती. हिवाळ्यात पूर आला की नदी वाळू समुद्रात नेऊन टाकते, त्या वाळूच्या उथळ्यावर लाट नीट फुटते, आणि मग इथे सर्फर जमतात.

त्यात आणखी एक गोम आहे. नदीपलीकडचा सीब्राइटचा किनारा आज चांगला ऐसपैस दिसतो, पण तो राजपुत्रांच्या वेळचा नव्हे. 1960च्या दशकात पलीकडे बंदर झालं, त्याच्या दगडी धक्क्यांनी वाहून जाणारी वाळू अडवली आणि किनारा पुढे सरकला. मी जिथे चपला काढून बसले होते तिथे 1885 मध्ये बहुधा पाणीच असणार. ऐतिहासिक जागेवर बसल्याची धन्यता तिथल्या तिथे वजा करून टाकली.

त्या फळ्या मात्र अजून आहेत, निदान दोन. त्या हवाईला परत गेल्या आणि होनोलुलूच्या बिशप संग्रहालयात पडून राहिल्या. माणसाच्या दुप्पट लांबीच्या, एकट्याने उचलायची सोय नाही अशा. 2015 मध्ये त्या प्रदर्शनासाठी सांताक्रूझला आणल्या होत्या. ते प्रदर्शन माझं हुकलं, याची चुटपुट आहेच. फळ्यांचं आयुष्य मालकांपेक्षा निवांत गेलं. एडवर्ड दोनच वर्षांत, 1887 मध्ये वारला. 1893 मध्ये राज्यच उलथलं. कुहिओ 1895 च्या बंडानंतर तुरुंगात गेला आणि पुढे ज्यांनी राज्य गिळलं त्या अमेरिकेच्याच संसदेत हवाईचा प्रतिनिधी म्हणून जवळजवळ एकोणीस वर्षं बसला.

शेवटच्या दिवशी वेस्ट क्लिफवरच्या दीपगृहात गेले. 1986 पासून तिथे सर्फिंगचं संग्रहालय आहे. एकच खोली, दहा मिनिटांत संपते. शार्कचे दात उमटलेली एक फळी आहे, सगळे तिच्यापाशी घुटमळतात. मी ओनील कंपनीच्या वेटसूटकडे, म्हणजे थंड पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाकडे, जास्त वेळ पाहत राहिले. हे पाणी बारा-चौदा अंशांचं. रबराचा अंगरखा मिळण्याआधी इथली पोरं लोकरी स्वेटर घालून उतरत आणि बाहेर येऊन शेकोटीला बसत. बेटांवरच्या कोमट पाण्यातून आलेल्या त्या तिघांचं काय झालं असेल!

तिथल्या वयस्कर स्वयंसेवकांना मी मोठ्या ऐटीत विचारलं, "राजपुत्रांच्या बातमीनंतरची 1896 ची बातमी तुम्ही पाहिलीय?"

त्यांनी मान वर न करता ती तोंडपाठ म्हणून दाखवली. सीब्राइटला पोहायला जाणारी मुलं हवाईच्या लोकांसारखी फळ्यांवरून लाटा घेतात. एवढीच. मुलांची नावं नाहीत. मला ती मूळ बातमीपेक्षा मोलाची वाटते. राजपुत्र पाहुणे होते, कौतुकाने पाहिले गेले. अकरा वर्षांनी गावातली पोरं तेच करत होती, आणि फळीला आता वेगळं समजावून सांगायची गरज उरली नव्हती.

"त्या पोरांची नावं शोधताय?" त्यांनी विचारलं.

"मिळतील?"

"मी तीस वर्षं शोधतोय," असं म्हणून ते हसले आणि पुन्हा फळी पुसायला लागले.

बाहेर स्टीमर लेन या सर्फिंगच्या जागेवर धुकं उतरलं होतं. कड्याखाली लाटेची वाट बघत बसलेली माणसं दिसत नव्हती. एकमेकांना मारलेल्या त्यांच्या हाका तेवढ्या वर येत होत्या.